सतरा अंकी संख्या आणि नवाचा ताळा

श्रोतेहो, जवळ पाटी असेल तर पाटीवर, नसेल तर अंगणात काडीने एक संख्या लिहा. एकापासून नवापर्यंत चढत जायचे आणि नवापासून पुन्हा एकापर्यंत उतरायचे. नऊ मात्र एकदाच लिहायचा. म्हणजे अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक झाले. ही संख्या वाचायची कशी? कोटीच्या हिशेबाने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस! कोटींचे कोटी झाले. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दशं, शतं, सहस्रं अशी अठरा स्थानांची नावे एका ओळीत दिलेली आहेत. हा ग्रंथ ११५० सालचा. त्यातले शेवटचे, अठरावे स्थान परार्ध आणि त्याच्या अलीकडचे सतरावे मध्य. आपली संख्या या ‘मध्य’ स्थानाशी सुरू होते. परार्ध अवघे एक घर पुढे राहिले. हे काही दूरदेशीचे ज्ञान नव्हे बरं का. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण गावी मठ काढला होता, आणि तसे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी संख्या घेऊन आम्ही करायचे काय? शिरूरच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात पडते, दौंडकडे उसाच्या वजनाची पावती मिळते, त्यावर पाच-सहा अंकांपलीकडे मजल जात नाही. खरे आहे. पण लहान आकड्यात जे गुण दिसत नाहीत ते मोठ्या आकड्यात ठळक दिसतात. आणि एकदा दिसले की त्या पट्टीवरच्या आकड्यालाही लावता येतात. तेव्हा थोडा वेळ माझ्याबरोबर या सतरा अंकांकडे बघा.

पहिला गुण सोपा. ही संख्या डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. दुसरा गुण शोधायला लहान भावंडांपासून सुरुवात करू.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

म्हणजे नऊ एके ओळीने लिहून त्या संख्येला तिनेच गुणले, की आपली सतरा अंकी संख्या मिळते. ती १११११११११ चा वर्ग आहे. असे का होते? गुणाकार उभा मांडून पाहा. प्रत्येक ओळीत नुसते एकच एके, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. गोण्यांची थप्पी जशी एकेक गोणी पुढे सरकवत रचावी तशी. उजव्या टोकाच्या घरात एकच एक येतो, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, बरोबर मध्यभागी नऊ, आणि पुन्हा कमी होत होत डाव्या टोकाला एक. आपण फक्त प्रत्येक घरातले एके मोजतो. म्हणून १२३४५६७८९ चढते आणि ८७६५४३२१ उतरते.

आणि हे सारे चालते ते हातचा येत नाही तोवर. दहा एके घेऊन गुणाकार करा. मधल्या घरात दहा जमतात. दहाचा शून्य ठेवायचा आणि हातचा एक शेजारच्या नवाला द्यायचा. त्याचेही दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक, तो आठाला जाऊन आठाचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. पायऱ्या मध्येच ढासळल्या! शिक्षकांना माझी विनंती अशी, की मुलांना आधी नऊपर्यंत करू द्यावे, दहाव्याचे उत्तर त्यांच्याकडून अंदाजाने वदवून घ्यावे आणि मगच फळ्यावर गुणाकार करावा. हातचा म्हणजे काय ते त्या दिवशी वर्गाला जसे कळेल तसे एरवी महिनाभर सांगून कळत नाही.

या संख्यांना नाव आहे. त्यांना डेम्लो संख्या म्हणतात, आणि हे नाव देणारे गृहस्थ आपल्यातलेच एक शाळामास्तर होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. दौंडकरांना ही वाट समजावून सांगायला नको. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ सालचा. मनमाडला गाडी बदलून नाशिककडे निघाले की लासलगाव, निफाड, नाशिक रोड आणि त्याच्या पुढचे देवळाली. तोच मार्ग पुढे मुंबईला जातो, आणि मुंबई तीस मैलांवर राहिली की डोंबिवली लागते. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर या स्थानकाचे नाव डेम्लो असे होते. या संख्यांची कल्पना कापरेकरांना त्या स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले. १९३८ साली त्यांनी ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. साहेबाच्या तोंडी दौंडचेही ‘धोंड’ झाले होतेच. गाडीची वाट पाहताना तिथे जर कापरेकरांना काही सुचते, तर आज जगातल्या पुस्तकांत धोंड संख्या असत्या!

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली, तिचे नाव हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. एखाद्या संख्येतल्या अंकांची बेरीज करा, आणि त्या बेरजेने मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, नवाने अठराला भाग जातो. शिरूरचा पिनकोड ४१२२१०. अंकांची बेरीज दहा, आणि शेवटी शून्य असल्यामुळे दहाने भाग जातोच. शिरूर हर्षद आहे. दौंडचा ४१३८०१, बेरीज सतरा, सतराने भागले तर बाकी चार उरते. दौंडकरांनी राग मानू नये, हर्षदपेक्षा हर्षद नसलेल्या संख्याच फार.

मग आपली सतरा अंकी? एक ते आठ यांची बेरीज छत्तीस, तीच पुन्हा उतरताना छत्तीस, आणि मधला नऊ. एकूण ८१. आता ८१ ने भाग घालून पाहा. उत्तर येते १५२४१५७८९९७१०४१ आणि बाकी शून्य. हर्षद! हा भागाकार खरे तर मांडायचीही गरज नव्हती. नऊ एक्यांच्या संख्येला नवाने भागले तर १२३४५६७९ येतात, ज्यात आठ हा अंकच नाही. जिचा वर्ग करायचा तिलाच नवाने भाग जातो, म्हणून वर्गाला नऊ नवे एक्याऐंशीने जाणारच. आणि वर जे लांबलचक उत्तर आले ते या १२३४५६७९ चाच वर्ग आहे.

आणखी खोल जायचे असेल तर सदतिसाने भाग जातो का पाहू. त्याला एक युक्ती आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे पाडा : ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५ आणि १२. त्यांची बेरीज २९९७. पुन्हा तुकडे पाडा : २ आणि ९९७, बेरीज ९९९. हजार म्हणजे ९९९ आणि वर एक, म्हणून तुकड्यांची बेरीज केली तरी ९९९ ने उरणारी बाकी बदलत नाही. इथे बाकी काहीच नाही. आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. सदतिसाने भाग गेला. उरलेला मोठा अवयव ३३३६६७, तो मूळ संख्या आहे, पुढे फुटत नाही. तेव्हा आपली संख्या अशी उलगडते : चार वेळा ३, दोन वेळा ३७, दोन वेळा ३३३६६७. तिन्हींमधून घ्यायचे पर्याय पाच, तीन आणि तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. एवढ्या मोठ्या संख्येला निःशेष भागणाऱ्या संख्या मोजून पंचेचाळीस निघतात, एक आणि ती स्वतः धरून.

कापरेकरांच्या या कामाला आपल्या देशात फारसा मान मिळाला नाही. आकड्यांचे खेळ, असे म्हणून पुष्कळांनी ते बाजूला सारले. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा प्रसिद्ध गुण सांगितला. त्यांचे नाव खऱ्या अर्थाने जगभर गेले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्ये त्यांच्यावर लिहिले तेव्हा. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून ते शिकवण्या करत होते. १९८६ साली ते गेले. खेळ म्हणून हिणवलेल्या याच अंकांच्या गुणांवर आज केवढा व्यवहार उभा आहे, ते आता सांगतो.

नवाचा ताळा आपल्या आजोबांना येत होता. दहा म्हणजे नऊ आणि एक, शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक, हजार म्हणजे नऊशे नव्याण्णव आणि एक. म्हणून नवाचे गठ्ठे बाजूला काढले की प्रत्येक स्थानी अंक तेवढा उरतो, आणि संख्येऐवजी अंकांची बेरीज तपासली तरी भागते. समजा पट्टीवर ३८६ गोण्या आहेत आणि गोणीला २७४ रुपये. रक्कम लिहिली आहे १,०५,७६४. ताळा पाहू. तीन, आठ, सहा मिळून सतरा, सतराचे आठ. दोन, सात, चार मिळून तेरा, तेराचे चार. आठ चोक बत्तीस, बत्तिसाचे पाच. रकमेतले अंक मिळवा : तेवीस, तेविसाचे पाच. ताळा जमला.

पण सावध! लिहिणाऱ्याने घाईत ७६४ च्या जागी ६७४ लिहिले, रक्कम झाली १,०५,६७४, तर? अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. बेरीज तीच तेवीस, ताळा पुन्हा जमतो, आणि तुमचे नव्वद रुपये गेले. शेजारचे दोन अंक उलटे पडणे ही लिहिण्यातली नेहमीची चूक, आणि नेमकी तीच नवाच्या ताळ्याला दिसत नाही. अशा चुकीने पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीतच असतो. म्हणून दोन बेरजांत नवाच्या पटीतला फरक आला, की जुने हिशेबनीस आधी उलटे पडलेले अंक शोधतात. शून्याच्या जागी नऊ पडला तरीही नवाचा ताळा गप्पच बसतो.

यावर उपाय अकराचा ताळा. दहा म्हणजे अकरात एक कमी, शंभर म्हणजे नव्याण्णवात एक जास्त, हजार म्हणजे एक हजार एकात एक कमी. आणि ९९ व १००१ या दोन्हींना अकराने भाग जातो. म्हणून उजवीकडून पहिला अंक मिळवा, दुसरा वजा करा, तिसरा मिळवा, असे आळीपाळीने जायचे. ३८६ चे : सहातून आठ गेले, तीन मिळवले, उरला एक. २७४ चे : चारातून सात गेले, दोन मिळवले, उणे एक. गुणाकार उणे एक. खऱ्या रकमेचे : चार उणे सहा, अधिक सात, उणे पाच, अधिक शून्य, उणे एक, झाले उणे एक. जमले. चुकलेल्या रकमेचे करा, उणे तीन येतात. चोर सापडला! कारण उघड आहे. जो अंक मिळवायच्या घरात होता तो वजा करायच्या घरात गेला. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले तर अकराच्या ताळ्यातून ते कधीही सुटत नाहीत. तेव्हा पट्टी आली की दोन्ही ताळे पाहावेत. सवय झाली की फारसा वेळ लागत नाही.

आता दौंड जंक्शनवर उभ्या असलेल्या एखाद्या मालगाडीकडे चला. प्रत्येक डब्यावर, म्हणजे वाघिणीवर, अकरा अंकांची संख्या रंगवलेली असते. पहिले दोन अंक डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेचा ते, त्यापुढचे दोन बांधणीचे साल, मग चार अंकी अनुक्रमांक. दहा झाले. अकरावा अंक काहीच सांगत नाही, तो नुसती राखण करतो. तो असा काढतात : डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा या अंकांची बेरीज तिपटीने घ्यायची, पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा हे तसेच मिळवायचे, आणि पुढचा पूर्ण दहा गाठायला जेवढे कमी तो अकरावा अंक. बेरीज आधीच पूर्ण दहाची असेल तर शून्य.

मी एक उदाहरण बनवतो : ३१२४०६९५२१. दुसऱ्या, चौथ्या वगैरे जागांवर १, ४, ६, ५, १. बेरीज सतरा, तिप्पट एक्कावन्न. बाकीचे ३, २, ०, ९, २, बेरीज सोळा. एकूण सदुसष्ट. सत्तराला तीन कमी, म्हणून शेवटी ३. आता कोणी ९५ च्या जागी ५९ टिपले, तर बेरीज होते पंच्याहत्तर आणि शेवटी पाच हवा, लिहिलाय तीन. चूक पकडली गेली, नाहीतर भलत्याच डब्याची नोंद व्हायची.

तिप्पटच का? दुप्पट किंवा पाचपट का नाही? तीनचा पाढा म्हणा आणि एककस्थान ऐका : तीन, सहा, नऊ, दोन, पाच, आठ, एक, चार, सात, शून्य. दहाच्या दहा अंक आले, एकही दोनदा नाही. म्हणून एखादा अंक चुकला की बेरजेचे एककस्थान बदलतेच. पाचाच्या पाढ्यात नुसते पाच आणि शून्य, तिथे किती चुका लपतील! दोनाच्या पाढ्यातही सम अंक दोनदोनदा येतात. या रीतीत एक भोक मात्र आहे. ज्या शेजाऱ्यांत पाचाचा फरक असतो, म्हणजे १ आणि ६, २ आणि ७, असे उलटे पडले तर ती चूक सुटून जाते. वर्गात मुलांना हे भोक शोधायला सांगावे.

तेही बुजवणारी रीत आहे, आणि तिचा उपयोग आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. आधारची बारा अंकी संख्या. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. तिच्यातला बारावा अंक राखणदार आहे. तो हॉलंडचे गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ साली मांडलेल्या रीतीने काढतात. ही रीत एक चुकलेला अंकही पकडते आणि शेजारचे उलटे पडलेले दोन अंकही, एकही जोडी न सोडता. बेरजेत हे जमत नाही, कारण बेरजेला क्रमाचे सुखदुःख नसते. तीन आणि पाच काय, पाच आणि तीन काय. म्हणून व्हेरहूफ यांनी बेरीज सोडून पंचकोन घेतला.

पुठ्ठ्याचा एक सारख्या बाजूंचा पंचकोन कापा. कोपऱ्यांना दोन्ही अंगांनी क, ख, ग, घ, च अशी नावे द्या, एकाच कोपऱ्याला पुढून-मागून एकच. कागदावर ठेवून त्याची कड आखून घ्या. आता तो उचलून पुन्हा त्याच आखणीत किती तऱ्हांनी बसतो? फिरवून पाच, पालथा करून पाच. दहा तऱ्हा, शून्य ते नऊ या अंकांना एकेक. एकदा तो आधी एक घर उजवीकडे फिरवा आणि मग वरचा कोपरा जागच्या जागी राहील असा पालथा करा. वर कोणता कोपरा कुठे आला ते टिपून ठेवा. मग मूळ जागेवर आणून आधी पालथा करा आणि नंतर एक घर उजवीकडे फिरवा. दोन्ही वेळा वर वेगवेगळा कोपरा आलेला दिसेल.